छोटं कुत्रं घेऊन मोठ्या कुत्र्यांपुढून जायचं तरी कसं? (इंदूर, सुदामा नगर)

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच काही सुचत नाहीये.

आमची चिंगी साडेचार वर्षांची. पोमेरेनियन म्हणून आणली होती, डॉक्टर म्हणाले ही इंडियन स्पिट्झ आहे, वजन साडेपाच किलो. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसहाला नेहमीसारखं निघालो, दूधवाला आलेला म्हणून कोपऱ्यावरच्या घराचं गेट उघडं होतं, आणि आतून त्यांचा लॅब्रॅडोर सुसाट आला तो थेट हिच्या अंगावर. चावला नाही. पण तिला पाडलं, वर पाय देऊन उभा राहिला, आणि चिंगी जी किंचाळली ना तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी पट्ट्यानेच तिला वर ओढलं, काय करतेय ते कळतच नव्हतं. मालक आतून येऊन म्हणाले, काही करत नाही हो तो, त्याला खेळायचं असतं.

लागलं काहीच नव्हतं, डॉक्टरांना दाखवलं. पण त्या दिवसापासून ती आमच्या गेटच्या बाहेर पाऊल टाकत नाही, बसूनच घेते. आधी गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघायची पण नाही, आता शंभर फुटांवर कुणी दिसलं की भुंकून भुंकून घसा बसवते. गल्लीत पाच कुत्री आहेत, पुढे देवळापाशी आणखी चार. मी तिला कडेवर घेऊन अन्नपूर्णा रोडपर्यंत जाते आणि तिथे खाली सोडते, याला काय फिरणं म्हणायचं? ह्यांचं म्हणणं गच्चीवर फिरव, सासूबाई म्हणतात हातात काठी घेऊन जा. आणि खरं सांगायचं तर तिच्याइतकीच मीही घाबरलेय, कुत्रं दिसलं की माझा हात आपोआप आवळला जातो.

तुमच्याकडे छोटी कुत्री असतील तर तुम्ही नेमकं काय करता ते सांगा प्लीज. उचलायचं का? काठी, छत्री, स्प्रे, काय बाळगता?

रामबागेतला

ताई, सरळ उचलून घ्यायचं, विचार करत बसायचं नाही. आमच्याकडे पग होता, अकरा वर्षं जगला, मोठं कुत्रं दिसलं की उचलला. एकदाही काही झालं नाही.

मल्टी_तिसरा_मजला

उचलण्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितोय. आमची मल्टी, म्हणजे फ्लॅटची उंच इमारत, निपानियाकडे, खाली दोन-तीन कुत्री कायम असतात. मी आमच्या शित्झूला उचलून छातीशी धरलं आणि त्यातल्या एकाने उडी मारली. त्याला बहुतेक मला चावायचं नव्हतंच, वर काय नेलं ते बघायचं होतं, पण दात लागले माझ्या कोपराला. रक्त आलं.

लगेच नळाखाली साबण लावून 15 मिनिटं धुतलं, ही गोष्ट कुणी विसरू नका, आमच्या शेजारच्या आजी हळद आणि तेल घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना हात जोडून थांबवलं. मग इंजेक्शनं. मला कातडीत द्यायची मिळाली, पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडात देतात त्यात 14 व्या दिवशी पण एक असतं. आणि रक्त आलं असेल तर जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, ते दिलंच पाहिजे म्हणून आपणच विचारायचं. मी ज्या दवाखान्यात गेलो तिथे कुणी स्वतःहून बोललं नव्हतं.

म्हणून मी तरी म्हणेन की उचलणं हा पहिला उपाय नाही.

रामबागेतला

दादा वाईट झालं, पण खाली ठेवलं असतं तर शित्झूचं काय झालं असतं? पाच किलोच्या जिवाला वीस किलोच्या कुत्र्याने एकदा धरून झटकलं की संपलं. माझ्या हाताला टाके पडले तरी चालतील, तो गेला तर नाही चालणार.

मल्टी_तिसरा_मजला

ते मान्य. मी पण परत तेच करेन कदाचित.

महूची_पशुवैद्य_होणारी

मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष. डॉक्टर झालेले नाही अजून हे आधीच सांगते, पण ओपीडीत असल्या केसेस बऱ्याच बघितल्यात म्हणून जरा मोठं लिहितेय.

उचलायचं की नाही हा वाद मला वाटतं कधी उचललं यावर आहे. समोरच्या कुत्र्याने तुम्हाला अजून पाहिलंच नाहीये, तेव्हा शांतपणे उचलून, पाठ फिरवून, चालत दुसऱ्या गल्लीला लागलात तर काहीच होत नाही. तो दहा फुटांवर आल्यावर किंचाळत झटक्यात वर उचललंत तर कुत्र्याच्या नजरेला ती पळणारी, चिरकणारी, वर जाणारी वस्तू होते, खारीसारखी. मग तो उडी मारणारच. त्यामुळे रामबागवाले दादा अकरा वर्षं निभावले ते बहुतेक लवकर उचलायचे म्हणून.

ताई, पट्ट्याने वर ओढलं असं तुम्ही लिहिलंय. गळपट्टा होता का? असेल तर आजपासून बंद करा. स्पिट्झ, पोम, यॉर्की अशा छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते, तिची कडी बसून चपटी होण्याचा आजारच असतो त्यांच्यात, बदकासारखा खोकला येतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, समोरून बघितलं तर वाय आकाराचा दिसतो तो. पाठीवर हँडल असलेला मिळाला तर उत्तम, वेळ आली तर तिथून सरळ उचलता येतं. माप नीट बघा, दोन बोटं जातील इतकाच सैल. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकतं आणि सैल हार्नेसमधून डोकं काढून मोकळं होतं, मग ते मुख्य रस्त्यावर पळतं. आणि तो गुंडाळणारा आपोआप लांब होणारा पट्टा गल्लीत नको. ऐन वेळी आत घेता येत नाही, दोरी बारीक असते, पायात अडकली तर कापते. साधा पाच-सहा फुटी पट्टा बास.

आता मुख्य. तुमचा हात आवळतो ना, तो पट्ट्यातून तिला कळतो. पट्टा ताठ झाला की ती ताठ होते, मान वर, छाती पुढे, आणि समोरच्या कुत्र्याला दुरून ते आव्हान दिसतं. कुत्री एकमेकांना नीट भेटतात तेव्हा सरळ रेषेत येत नाहीत, वळसा घेऊन येतात, बाजूने, वास घेत. आपण मात्र त्यांना अरुंद गल्लीत पट्ट्याने बांधून नाकासमोर नाक आणतो.

म्हणून अंतर. सगळा खेळ अंतराचा आहे. खिशात खाऊ ठेवा, उकडलेलं चिकन, किंवा घरात चालत नसेल तर पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. कुत्रं दुरून दिसलं, चिंगीने पाहिलं, भुंकली नाही, लगेच तुकडा. परत पाहिलं, परत तुकडा. तिने खाऊ तोंडात घेतला नाही किंवा घेऊन टाकला तर समजायचं आपण फार जवळ आलोत, मागे फिरायचं. घाबरलेलं कुत्रं खात नाही, याच्याइतकी सोपी फूटपट्टी दुसरी नाही. ओठ चाटणं, विनाकारण जांभई, शेपूट पोटाखाली, कान मागे, हे त्याच्याही आधी दिसतं.

समोरच्याचं पण बघायला शिका. अंग सैल, शेपूट रुंद हलतेय, वळसा घेऊन येतोय, हा बहुतेक नुसता चौकशी करणारा. तोंड मिटलेलं, अंग लाकडासारखं, शेपूट उंच आणि ताठ, नजर हलत नाहीये, तिथून शांतपणे निघायचं. शेपूट हलतेय म्हणजे खूश असं नसतं, ताठ शेपूट बारीक थरथरत असली तरी लोकांना ती हललेलीच वाटते.

बडोदेकर

फार छान लिहिलंत. एक जोडतो. आमच्याकडे डॅक्सहुंड आहे, आणि त्यांना दोन पुढच्या बगलेत धरून उचललं की पाठीचा कणा लोंबकळतो. या जातीत मणक्याची चकती सरकण्याचं प्रमाण खूप, आमच्याची सरकली, दोन महिने पिंजऱ्यात विश्रांती. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, पाठ आडवी सपाट, असंच उचलायचं. घरी शांतपणे पन्नास वेळा करून बघा, म्हणजे रस्त्यावर घाईत पण हात तसेच जातात. आम्ही "वर" असा शब्दच शिकवलाय, शब्द ऐकला की तो स्वतः पायाशी येऊन उभा राहतो.

इथे अलकापुरीत पण तोच प्रश्न आहे, फक्त आमच्याकडे भटक्यांपेक्षा बंगल्यांतल्या मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांचा त्रास जास्त.

लॅबवाला

मी इंदूरचाच, राजेंद्र नगर. माझ्याकडे लॅब आहे, 34 किलो. धाग्यातला लॅब माझा नाही, पण तीन वर्षांपूर्वी तो माझा असू शकला असता, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मी पण हेच वाक्य बोलायचो, काही करत नाही हो तो. आणि तो खरंच काही करत नाही, घरात लहान मुलं त्याच्या अंगावर झोपतात. मी त्याला पहाटे पिपल्यापालाच्या बाजूच्या रस्त्याला मोकळा सोडायचो. एक दिवस तो एका काकूंच्या छोट्या पांढऱ्या कुत्र्याकडे खेळायला पळाला, काकू घाबरून मागे सरकल्या, फुटपाथच्या कडेला पाय अडकला, मनगट मोडलं. प्लास्टर, मग फिजिओ. कुत्र्याने कुणाला दात लावला नव्हता. त्या काकू मला एक शब्द रागाने बोलल्या नाहीत आणि ते मला आजपर्यंत जास्त लागतं.

तेव्हापासून तो पट्ट्याशिवाय गेटबाहेर नाही. छोटं कुत्रं दिसलं की मी रस्ता ओलांडतो, त्याला माझ्या पलीकडच्या बाजूला घेतो म्हणजे मधे माझं शरीर राहतं, आणि थांबून समोरच्याला सांगतो की तुम्ही जा, मी धरलाय. हे वाक्य ऐकल्यावर माणसाचे खांदे खाली येतात ते मी बघितलंय. मोठं कुत्रं पाळणाऱ्यानेच हे करायचं असतं, छोट्या कुत्र्याच्या माणसाने काय काय करायचं? त्याच्याकडे सोयच नाही.

ताई, तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या घरी जाऊन बोला. भांडायला नाही. चिंगी बाहेर पडत नाही हे त्यांना माहीतच नसेल. मला त्या काकूंच्या मुलाने येऊन सांगितलं तेव्हा कळलं होतं की त्यांनी फिरणंच सोडलं.

रामबागेतला

लॅबवाले दादा, मनापासून आवडलं. ताई, बोलून नाही ऐकलं तर कायदा पण आहे, पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शेजारी आहेत, आधी चहा मग कलम.

स्नेहलतागंज_ते_सिंगापूर

पाळीव कुत्र्यांचं ठीक आहे हो, मालक तरी असतो बोलायला. भटक्यांचं काय? मी दर डिसेंबरात येतो, आईबाबांना संध्याकाळी फिरायला जायची भीती वाटते. हे सगळे उचलून शहराबाहेर नेऊन सोडायला पाहिजेत, स्वच्छतेत पहिला नंबर आणि गल्लीत हे.

भाकरीवाली_काकू

मी रोज रात्री आमच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांना भाकरी घालते, बारा वर्षं झाली, म्हणून मीच उत्तर देते. चिंगीच्या आई, मी पण सुदामा नगरातच आहे, सेक्टर वेगळा असेल.

बाळा, तुझ्या आईबाबांची भीती खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. पण उचलून बाहेर सोडलं की जागा रिकामी राहत नाही, दुसरी येतात, आणि ती नवीन असतात, नसबंदी नाही, लस नाही, गल्लीतल्या माणसांची ओळख नाही. नियमही तसाच आहे, 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, नसबंदी आणि रेबीजची लस करून जिथून नेलं तिथेच परत. सुप्रीम कोर्टाने 2025 च्या ऑगस्टात आधी दिल्लीकडच्या सगळ्यांना उचला म्हटलं होतं आणि 22 तारखेला ते बदललं, लस आणि नसबंदी करून परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका. आणि खायला घालणाऱ्यांनाही सांगितलं की कुठेही घालू नका, ठरवलेल्या जागीच घाला. ते मला पटलं. मी आधी आमच्या गेटसमोरच घालायची, आणि समोरच्या घरातली मुलगी तिचं छोटं कुत्रं घेऊन निघाली की हे सगळे भाकरीपाशी बसलेले, ते गुरगुरणारच, त्यांच्या ताटावरून कुणी चाललंय. आता गल्लीच्या टोकाला, रिकाम्या प्लॉटच्या भिंतीशी घालते, रात्री साडेनऊला, पंधरा मिनिटांत भांडी उचलते. गुरगुरणं निम्म्याने कमी झालं.

चिंगीच्या आई, तुमच्या पाच कुत्र्यांचे कान बघा. एका कानाच्या टोकाला छोटी खाच कापलेली असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल झालेली तर महापालिकेत कळवा, आणि एकदा कळवून होत नाही, मागे लागावं लागतं. पावसाळ्याच्या शेवटी माजावर आलेल्या कुत्रीमागे टोळी फिरते, तेव्हा कुठलंही छोटं कुत्रं घेऊन त्या टोळीजवळून जायचंच नाही, मादी असेल तर मुळीच नाही. दिवाळीच्या आगेमागे आणि थंडीत पिल्लं होतात, तेव्हा आई पिल्लांपासून वीस पावलांवर सुद्धा कुणाला येऊ देत नाही. एरवी गरीब असते तीच. पिल्लं कुठे आहेत ते माहीत करून घ्यायचं आणि दीड-दोन महिने तो रस्ता सोडायचा.

काठी नको. आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी काठ्या घेतल्या त्यांच्यावरच ती भुंकतात आणि त्यांना बरोबर ओळखून ठेवतात.

स्नेहलतागंज_ते_सिंगापूर

काकू, कानाच्या खाचेचं मला माहीत नव्हतं. आईला विचारतो त्यांच्या गल्लीतल्यांचं.

मल्टी_तिसरा_मजला

काकू, एक विनंती सगळ्यांसाठी. आपल्याकडे लोक सकाळी ठेल्यावर पोहे खातात आणि उरलेले कुत्र्यांना टाकतात, वर जिलबीचा तुकडा. पोह्यांत कांदा असतो. कांदा कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. प्लीज नका टाकू. आणि छोटं कुत्रं बरोबर असेल तर सकाळी आठ ते नऊ ठेल्याच्या बाजूने जाऊच नका, सगळ्या गल्ल्यांतली कुत्री तिथेच असतात आणि खाण्यावरून जुंपते.

चिंगीची_आई

बापरे, एका रात्रीत इतकं. सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं.

गळपट्टाच होता. कालच हार्नेस आणला. आज सकाळी कान बघून आले, पाचांपैकी तिघांना खाच आहे, दोघांना नाही, त्यातली एक काळी, तिच्यापासूनच मला जास्त भीती वाटते आणि आता लक्षात आलं की तिची पिल्लं पाण्याच्या टाकीमागे आहेत. मला वाटायचं तिला चिंगीच आवडत नाही.

अजून एक विचारायचंय, आणि घाबरून विचारतेय. प्रत्यक्ष धरलंच कुणी तर काय करायचं?

महूची_पशुवैद्य_होणारी

विचारलंत ते बरं झालं. तोंडाच्या मधे हात घालायचा नाही, तेव्हा तुमचं कुत्रंसुद्धा तुम्हाला चावतं, त्याला कळत नसतं. पट्टा ओढून खेचायचं नाही, दात आत असतात तेव्हा ओढलं की फाटतं. पाणी असेल तर बाटली तोंडावर ओता, जाड ओढणी किंवा जॅकेट मोठ्या कुत्र्याच्या डोक्यावर टाका, दुसरं माणूस असेल तर त्याने मोठ्याचे मागचे दोन पाय धरून हातगाडीसारखे उचलून मागे न्यायचं. छत्रीचा उपयोग आहे, मारायला नाही, कुत्रं लांब असतानाच समोर धरून उघडायची, मधे भिंत तयार होते. पण घरी चिंगीसमोर आधी हळूहळू उघडून दाखवा, नाहीतर तीच घाबरून पळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चावलं असेल तर बाहेरून दोन बारीक भोकं दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर. मोठं कुत्रं छोट्याला धरून झटकतं तेव्हा कातडी जागेवर राहते आणि आतले स्नायू, बरगड्या, कधी फुप्फुससुद्धा फाटतं. ओपीडीत एक आलं होतं, मालकांनी घरीच डेटॉल लावून दोन दिवस ठेवलेलं, वरून काहीच दिसत नव्हतं. मी जास्त लिहीत नाही. लस झालेली असली तरी रेबीजचा बूस्टर लगेच द्यायचा असतो, तेही डॉक्टरांना आठवण करा. चिंगीची दरवर्षीची लस झालीय ना?

चिंगीची_आई

हो, जूनमध्ये झाली.

ग्वाल्हेरची_सून

मला फक्त एवढंच म्हणायचंय की चिंगीच्या आईने स्वतःची भीती लिहिली ते फार बरं केलं. माझं पण तसंच होतं, मी कुत्रं दिसलं की श्वासच रोखून धरायचे. मला एका ट्रेनरने सांगितलं की बोलत चला, काहीही, भाजीची यादी म्हणा. बोलताना श्वास रोखता येत नाही, हात सैल राहतो. मी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गर्दीतून जाताना पाढे म्हणते. आमचा टेरियर आता पाढे सुरू झाले की माझ्याकडे बघतो.

लॅबवाला

हे उत्तम आहे. ताई, सरावाला एखादं शांत मोठं कुत्रं हवं असेल तर आमचा आहे. समांतर चालायचं, तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला मी या बाजूला, दोघं एकाच दिशेने, भेट घालायची नाही. रोज थोडं अंतर कमी. रविवारी सकाळी मी येऊ शकतो तुमच्या बाजूला.

चिंगीची_आई

(पंधरा दिवसांनी)

उशिरा लिहितेय, पण काय झालं ते सांगायलाच हवं.

पहिले चार दिवस फक्त गेटच्या आत बसलो दोघी. मी खुर्चीत, ती पायाशी, समोरून कुत्रं गेलं की पनीर. पाचव्या दिवशी बाहेर. आमच्याकडे मोजायला विजेचे खांब आहेत, सुरुवातीला तीन खांब लांब कुत्रं असलं तरी पनीर थुंकून टाकायची. मग मागे फिरायचो, रोज. शेजारच्यांना वाटलं असेल ही बाई घरात काहीतरी विसरते रोज. मी शुभंकरोति म्हणत चालते, पाढे मला पंधराच्या पुढे येत नाहीत.

दोन रविवार लॅबवाले दादा आले. पहिल्या दिवशी त्यांचा लॅब पलीकडच्या फुटपाथवर आणि चिंगी माझ्या पायात. दुसऱ्या रविवारी पलीकडेच होता पण ही जमिनीचा वास घेत चालली, म्हणजे तिला दुसरं काही सुचत होतं भीतीशिवाय. दादा, तुमचे उपकार.

काळीच्या टाकीचा रस्ता सोडलाय. भाकरीवाल्या काकू आणि मी भेटलो, त्या खरंच दोन गल्ल्या पलीकडे निघाल्या! त्यांनी आमच्या गल्लीत घालणाऱ्या ताईंशी बोलून जागा प्लॉटच्या भिंतीकडे हलवली. ज्या दोघींना खाच नाही त्यांची तक्रार नोंदवली, काळीची नसबंदी तिची पिल्लं मोठी झाल्यावरच करतील.

आणि कोपऱ्यावरच्या घरी गेले. तीन दिवस धीर होत नव्हता. चिंगीला नेलं नाही, एकटीच गेले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांच्या मिसेसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले दूधवाल्यासाठी गेट उघडं राहतं, आम्ही आता पिशवी बाहेर अडकवतो. मी गेटला स्प्रिंग लावाल का विचारलं तर दुसऱ्या दिवशी लावलेलं होतं.

सगळं झालं असं नाही. परवा मंदिरापाशी दोन कुत्री धावत आली आणि मी उचललंच, रामबागवाले दादा, तुमची आठवण आली, पण ती दोन खांब लांब असतानाच उचललं, पाठ फिरवली आणि चालत आले. हात थरथरत होते, ते थरथरणं तिला कळलंच असणार.

आज सकाळी कोपऱ्यावरून गेलो. गेट बंद, लॅब आतून भुंकला. चिंगी थांबली, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पनीर दिलं, खाल्लं. आणि ज्या खांबापाशी ती पडली होती तिथेच बसून आरामात शू केली.

रामबागेतला

वा चिंगी!!

महूची_पशुवैद्य_होणारी

मेसमध्ये वाचलं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ताई, आता पनीरचे तुकडे आणखी बारीक करा, वजन वाढेल. आणि दिवसातून एखादा फेरा असा ठेवा ज्यात काहीच शिकवायचं नाही, नुसतं हुंगू द्या.

भाकरीवाली_काकू

उद्या साडेसहाला कडुनिंबापाशी थांबते. पनीर मी आणते, तुम्ही चिंगीला आणा.